एका वायरवर चार बँड: एंड-फेड अँटेना कोणत्या क्रमाने उभारायचा

नवीन लायसन्स मिळालेल्या हॅम (हौशी रेडिओवाल्या) मित्रांचे फोन येतात, तेव्हा तक्रार बहुतेक वेळा एकच असते. "सूत्राप्रमाणे वायर कापली, तरी एसडब्ल्यूआर तीनच्या खाली येत नाही. रिंग खराब निघाली का?" एसडब्ल्यूआर म्हणजे अँटेनाकडून किती पॉवर परत फिरते त्याचं माप; ते एकच्या जितकं जवळ तितकं चांगलं. गच्चीवर जाऊन पाहिलं की रिंग (ट्रान्सफॉर्मर जिच्यावर गुंडाळतात ते फेराइटचं कडं) बहुधा ठीक असते. वायर मात्र खाली फरशीवर मोजून कापलेली असते, ट्रान्सफॉर्मर एकटा कधी तपासलेला नसतो, आणि चोक (केबलच्या बाहेरून परतणारा प्रवाह अडवणारी गुंडाळी) अगदी शेवटी, ट्यूनिंग उरकल्यावर बसवलेला असतो. कामं सगळी झालेली असतात. क्रम चुकलेला असतो. म्हणून हा लेख क्रमाने वाचा आणि क्रमानेच काम करा.

इथे धरलेला अँटेना म्हणजे सुमारे २० मीटर लांबीची, एका टोकाला फीड (केबलची जोडणी) दिलेली वायर. ७ मेगाहर्ट्झवर ती अर्धी तरंगलांबी भरते, १४ वर एक, २१ वर दीड आणि २८ वर दोन. चारही ठिकाणी वायरच्या टोकाशी इम्पीडन्स (बदलत्या प्रवाहाला होणारा विरोध) दोन-तीन हजार ओहमच्या घरात असतो. ४९:१ चा ट्रान्सफॉर्मर तो रेडिओ संचाला (रिगला) लागणाऱ्या ५० ओहमच्या आसपास आणतो. त्यामुळे ४०, २०, १५ आणि १० मीटर (अनुक्रमे ७, १४, २१ आणि २८ मेगाहर्ट्झ) हे चार बँड ट्यूनरशिवाय, म्हणजे वेगळ्या जुळवणी-पेटीशिवाय, मिळतात. ८०, ३०, १७ आणि १२ मीटर यात येत नाहीत. तिथे ट्यूनर लावून ओढाताण केली, तर पॉवर रिंगमध्ये उष्णता होऊन जाते.

ट्रान्समिट करायचं ते लायसन्स हातात आल्यावरच, आणि पॉवर आपल्या ग्रेडच्या मर्यादेत.

१. आधी जागा ठरवा, मग सामान आणा

गच्चीवर मोजपट्टी घेऊन जा. वायरसाठी २० मीटर आणि दोन्ही टोकांच्या दोरीसाठी दोन-तीन मीटर, एवढी मोकळी लांबी हवी. सरळ मिळत नसेल तर गच्चीच्या कर्णावर मोजून पाहा. तरीही कमी पडली, तर वायर मध्ये बांबूवर चढवून उलट्या 'व्ही'सारखी उतरवता येते, किंवा शेवटचे चार-पाच मीटर एका बाजूला वळवता येतात. काटकोनापेक्षा जास्त दुमडू नका.

उंचीचा विचार मनापासून करा. आरसीसी स्लॅबमध्ये लोखंडी सळ्यांची जाळी असते. वायर त्या स्लॅबपासून मीटरभर उंचीवर राहिली, तर एसडब्ल्यूआर छान दिसेल आणि आवाज कुठेच पोहोचणार नाही. मधला भाग स्लॅबपासून किमान चार-पाच मीटर वर हवा. पत्र्याच्या शेडवरून, कठड्याच्या लोखंडी पाइपाला समांतर किंवा सोलर पॅनेलच्या रांगेवरून वायर नेऊ नका. सोलरचा इन्व्हर्टर दिवसभर ७ मेगाहर्ट्झवर खरखर ओतत राहतो आणि तो आवाज अँटेना बदलून जात नाही.

सोसायटीची परवानगी लेखी घ्या. अर्जासोबत लायसन्सची प्रत आणि वायर कुठून कुठे जाणार याचं साधं रेखाचित्र जोडा. चित्र पाहिलं की लोकांची बरीचशी भीती जाते, कारण 'अँटेना' म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांपुढे मोबाइलचा टॉवर उभा राहतो.

सावधान: बांबू कोसळला किंवा वायर तुटून उडाली, तर ती विजेच्या तारेला लागता कामा नये. बांबूची पूर्ण लांबी आणि वायरची पूर्ण लांबी चारही दिशांना फिरवून मनाशी मोजा. विजेच्या खांबाला, तो कितीही सोयीचा दिसला तरी, दोरीसुद्धा बांधायची नाही.

२. सामान

वायर: घरगुती वायरिंगची १.५ चौरस मिलिमीटरची मल्टिस्ट्रँड तांब्याची वायर पुरते. ९० मीटरचं बंडल घेतलं तर अँटेना होऊनही भरपूर उरते. पीव्हीसी आवरण काढू नका. आवरणामुळे वायर दोन-चार टक्के लांब असल्यासारखी वागते, हे ट्यूनिंगच्या वेळी आपण धरणारच आहोत.

रिंग: एफटी २४०-४३. यातल्या २४० चा अर्थ बाहेरचा व्यास २.४ इंच, आणि ४३ हा मालाचा प्रकार. पाच-दहा वॅटपुरतं काम असेल तर १.४ इंचाची एफटी १४०-४३ चालते. सर्वांत जास्त फसवणूक इथेच होते. जुन्या कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमधून काढलेली पिवळी-पांढरी रिंग लोखंडाच्या भुकटीची असते, ती या कामाला निरुपयोगी. बिननंबरची काळी रिंगही घेऊ नका. मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की पुण्याची तपकीर गल्ली, '४३ मटेरियल' हे शब्द उच्चारून मागा आणि दुकानदाराला खात्री नसेल तर परत फिरा. या अँटेनात पैसे खर्च करायची जागा ही एकच आहे.

इनॅमल्ड तांब्याची वायर: १८ गेज, दीड मीटर. मोटर रिवाइंडिंग करणाऱ्याकडे ती वजनावर मिळते. उरलेला तुकडा मागितला तरी काम भागतं.

कपॅसिटर: १०० पिकोफॅरड, किमान १ किलोव्होल्टचा, सिल्व्हर मायका किंवा चांगला सिरॅमिक.

बाकी: केबल जोडायला एसओ-२३९ सॉकेट, प्लॅस्टिकचा वॉटरप्रूफ जंक्शन बॉक्स, पितळी बोल्ट आणि विंग नट, आरजी-५८ कोॲक्स केबल, चोकसाठी आणखी एक एफटी २४०-३१ किंवा ४३ ची रिंग, दोन इन्सुलेटर (जाड पीव्हीसी पाइपचे तुकडेही चालतात) आणि पॉलिएस्टरची दोरी. पांढरी स्वस्त नायलॉन दोरी एक-दोन उन्हाळ्यांत कुजते आणि पावसात सैल पडते.

टीव्हीची आरजी-६ केबल घरात पडून असते म्हणून ती वापरायचा मोह होतो. ती ७५ ओहमची, आणि तिची जाळी बहुधा ॲल्युमिनियमची असल्याने डाग (सोल्डर) धरत नाही. राहू द्या.

मोजायला नॅनो व्हीएनए (फ्रिक्वेन्सीगणिक एसडब्ल्यूआर दाखवणारा छोटा मापक) उत्तम. तो नसेल तर साधा एसडब्ल्यूआर मीटर चालेल, फक्त वेळ जास्त लागेल.

३. ट्रान्सफॉर्मर गुंडाळणे

दोन वेढ्यांचा प्रायमरी (रिगकडचा), चौदा वेढ्यांचा सेकंडरी (अँटेनाकडचा). १४ भागिले २ म्हणजे ७, आणि ७ चा वर्ग ४९.

पहिल्यांदा रिंगेला टेफ्लॉन टेपचे दोन थर द्या, म्हणजे वायरचं इनॅमल कडेला घासणार नाही. सेकंडरीसाठी १२० सेंटिमीटर आणि प्रायमरीसाठी ३० सेंटिमीटर तुकडा कापा. दोन्हींची सुरुवातीची टोकं एकत्र धरून, मीटरला दोन-तीन पीळ असा सैल नव्हे तर घट्ट पीळ देत पहिले दोन वेढे जोडीने गुंडाळा. तिथे प्रायमरी संपला, त्याचं टोक बाहेर काढा. सेकंडरी तशीच पुढे न्या: सात वेढे झाले की वायर रिंगच्या मधून पलीकडच्या बाजूला टाका आणि उरलेले वेढे तिकडे घ्या. पलीकडे टाकताना वायर भोकातून जाते, म्हणून तोही एक वेढा.

वेढे मोजायचे ते भोकाच्या आतल्या बाजूने. वायर जितक्या वेळा भोकातून गेली तितके वेढे. बाहेरून मोजणाऱ्यांचे पंधरा होतात, आणि प्रायमरीत ही चूक झाली तर दोनाचे तीन होऊन गुणोत्तर ४९ वरून २२ च्या आसपास घसरतं.

जोडणी अशी: दोन्ही सुरुवातीची टोकं एकत्र करून सॉकेटच्या बॉडीला. प्रायमरीचं दुसरं टोक सॉकेटच्या मधल्या पिनला. सेकंडरीचं शेवटचं टोक अँटेनाच्या बोल्टला. कपॅसिटर थेट सॉकेटवर, मधली पिन आणि बॉडी यांच्यामध्ये. या सगळ्या जोडण्यांच्या वायरी शक्य तितक्या आखूड ठेवा. २८ मेगाहर्ट्झवर पाच सेंटिमीटर जादा वायरसुद्धा जाणवते.

तपासा: मल्टिमीटरने मधली पिन आणि बॉडी मोजली तर शॉर्ट दाखवेल. अँटेनाचा बोल्ट आणि बॉडी मोजली तरी शॉर्टच. हे बरोबर आहे. डीसीला ही सगळी एकच तांब्याची वायर आहे. मी स्वतः माझा पहिला ट्रान्सफॉर्मर याच कारणासाठी उसवला होता आणि अख्खी संध्याकाळ वाया घालवली होती. शॉर्ट दाखवला *नाही*, तर मात्र काळजी करा: इनॅमल नीट न खरवडता डाग दिलेला असतो.

४. टेबलावरची चाचणी

ही पायरी गाळली की पुढे दोष वायरचा की ट्रान्सफॉर्मरचा हे कधीच कळत नाही.

२.२ किलोओहम आणि २२० ओहम हे दोन साधे कार्बन किंवा मेटल फिल्म रेझिस्टर एकापुढे एक जोडा. झाले २४२० ओहम. हे अँटेनाचा बोल्ट आणि सॉकेटची बॉडी यांच्यामध्ये आखूड पायांनी लावा. २४२० भागिले ४९ म्हणजे ४९.४, म्हणजे सॉकेटवर जवळजवळ ५० ओहम दिसायला हवेत. नॅनो व्हीएनए कॅलिब्रेट करून ७ ते ३० मेगाहर्ट्झ स्वीप (सलग माप) घ्या.

७ आणि १४ वर एसडब्ल्यूआर १.५ च्या आत, २८ वर २ च्या आत आला की पुढे चला. वरच्या बँडला तो चढत असेल तर कपॅसिटर एक पाय सोडवून परत पाहा; त्याने सुधारणा होत असेल तर जोडण्या आखूड करा किंवा कपॅसिटर थोडा बदला. सगळीकडेच तीन-चार येत असेल तर वेढे परत मोजा.

सावधान: हे रेझिस्टर पाव वॅटचे असतात. रिग जोडून पाच वॅट सोडले तर क्षणात जळतील. ही चाचणी फक्त नॅनो व्हीएनएसारख्या मापकाने करायची. तो नसेल तर क्लबमधल्या कुणाकडून तासाभरासाठी मागून आणा.

५. केबल आणि चोक, वायरच्या आधी

एका टोकाला फीड देणाऱ्या अँटेनाला परतीचा रस्ता लागतोच. तो तुम्ही दिला नाही तर केबलच्या जाळीची बाहेरची बाजू तो होते, थेट रिगपर्यंत. मग मायक्रोफोनला ओठ लागला की चटका बसतो आणि प्रत्येक ट्रान्समिटला कॉम्प्युटरचा यूएसबी तुटतो.

उपाय सोपा आहे. ४० मीटर बँडच्या तरंगलांबीचा सुमारे विसावा भाग, म्हणजे दोन मीटरचा काउंटरपॉइज (हाच तो परतीचा रस्ता) पुरतो. ट्रान्सफॉर्मरच्या बॉडीला दोन मीटरची वेगळी वायर जोडून ती खाली लोंबू द्या आणि चोक ट्रान्सफॉर्मरजवळ लावा. किंवा केबलचे पहिले दोन-तीन मीटरच काउंटरपॉइज समजा आणि चोक त्यानंतर लावा. मला दुसरी पद्धत आवडते, एक वायर कमी. चोक म्हणजे दुसऱ्या रिंगमधून आरजी-५८ चे दहा वेढे. पीव्हीसी पाइपवर गुंडाळलेली नुसती केबलची गुंडाळी स्वस्त पडते, पण ती चारही बँडवर सारखं काम करत नाही.

चोक आत्ताच बसवायचा, कारण त्याने केबलची विद्युत लांबी बदलते आणि तिच्यासोबत अँटेनाचा रेझोनन्सही (तो जिथे जुळतो ती फ्रिक्वेन्सी) सरकतो. आधी ट्यून करून मग चोक लावणाऱ्याला सगळं पुन्हा करावं लागतं. केबलही कायम जिथून जाणार तिथूनच न्या, त्याच लांबीची.

६. वायर टांगणे

वायर २१ मीटर कापा. सूत्र २० सांगतं. एक मीटर जास्त ठेवायची. कमी करणं सोपं, वाढवायला जोड द्यावा लागतो.

ट्रान्सफॉर्मरचा ताण बॉक्सवर येऊ देऊ नका. वायर आधी इन्सुलेटरला बांधा, मग सैल वळणाने बोल्टकडे न्या. दूरच्या टोकाला वायर इन्सुलेटरमधून मागे वळवून तिच्याच अंगाला टेपने चिकटवा. दूरचं टोक झाडाला असेल आणि ते वाऱ्याने हलत असेल तर त्या बाजूला दोरी पुलीवरून घेऊन टोकाला विटेचं वजन लोंबू द्या. वायर ताणून बांधली तर पहिल्याच वादळात तुटते.

सावधान: १०० वॅटवर ट्रान्सफॉर्मरच्या बोल्टवर सुमारे ५०० व्होल्ट असतात, ५० वॅटवर ३५०. दूरच्या टोकालाही तेवढ्याच दर्जाचा दाब असतो. दोन्ही टोकं कपडे वाळत घालणाऱ्यांच्या आणि मुलांच्या हाताबाहेर हवीत.

७. ट्यूनिंग: खालच्या बँडपासून वर

आता, वायर कायमच्या जागी आणि कायमच्या उंचीवर टांगलेली असताना, पहिलं माप घ्या. खाली मोजलेला आकडा वर गेल्यावर बदलतो, म्हणून त्याला किंमत नाही.

७ मेगाहर्ट्झभोवती एसडब्ल्यूआर सर्वांत कमी कुठे आहे ते पाहा; हाच त्या बँडचा तळ. समजा ६.७८ वर आहे आणि आपल्याला ७.०८ हवं आहे. आपल्याकडे हा बँड ७.००० ते ७.२०० असल्याने मधल्यापेक्षा थोडं खालचं लक्ष्य मी मुद्दाम धरतो. कारण पुढे येईल. हिशेब असा:

नवी लांबी = २१ × ६.७८ ÷ ७.०८ = २०.११ मीटर.

म्हणजे ८९ सेंटिमीटर कमी करायचे. एकदम करू नका. आधी ४५ सेंटिमीटर मागे वळवा, पुन्हा मोजा, पुन्हा हिशेब करा. अंदाजासाठी लक्षात ठेवा: या लांबीवर १० सेंटिमीटर म्हणजे ७ मेगाहर्ट्झवर सुमारे ३५ किलोहर्ट्झ, १४ वर ७०, २१ वर १०५ आणि २८ वर १४०. वरच्या बँडसाठी शेवटी दोन-दोन सेंटिमीटरचा खेळ होतो.

४० मीटर जागेवर आला की वायरला हात न लावता बाकी तिन्ही बँडची मापं कागदावर लिहा. १४, २१ आणि २८ वरचे तळ दुप्पट, तिप्पट, चौपटीपेक्षा थोडे वर येतील. हा दोष नाही, वायरच्या टोकांचा परिणाम वरच्या बँडला प्रमाणाने कमी पडतो. म्हणूनच ४० वर थोडं खालचं लक्ष्य धरलं.

पुढचा निर्णय कागद पाहून घ्या.

चारही बँडचे तळ हव्या फ्रिक्वेन्सीच्या खाली असतील, तर वायर अजून लांब आहे.

४० आणि २० ठीक, पण १५ आणि १० फार वर गेले असतील, तर ट्रान्सफॉर्मरपासून दोन मीटरवर, त्याच वायरची पाच-सहा वेढ्यांची छोटी गुंडाळी इंचभर जाडीच्या पीव्हीसी पाइपवर घाला. त्या जागी वरच्या बँडचा प्रवाह जास्त असतो आणि ४० चा कमी, त्यामुळे १० मीटर खाली येतो आणि ४० फारसा हलत नाही. मग ४० परत एकदा तपासा.

तळ योग्य ठिकाणी आहे पण १० मीटरवर तो २.५ च्या खाली उतरत नाही, तर वायर सोडा आणि ट्रान्सफॉर्मरच्या जोडण्या व कपॅसिटर पाहा.

आणि कुठेच तळ दिसत नाही, सगळीकडे सपाट १.५, तर खूश होऊ नका. अँटेना असा वागत नाही. केबलमध्ये पाणी शिरलं आहे किंवा रिंग चुकीची आहे, आणि पॉवर उष्णतेत जाते आहे. आरजी-५८ चे २० मीटर चांगल्या स्थितीतही २८ मेगाहर्ट्झवर सुमारे दीड डेसिबल खातात, आणि तेवढ्यानेही रिगपाशी दिसणारा एसडब्ल्यूआर खऱ्यापेक्षा बरा दिसतो.

तपासा: मापक चालू असताना रिगजवळच्या केबलला मुठीत धरा. आकडे हलले तर केबल अजून अँटेनाचं काम करते आहे. चोकचे वेढे वाढवा किंवा रिगजवळ दुसरा चोक लावा, आणि ट्यूनिंग पुन्हा पाहा.

एसडब्ल्यूआर १.१ करण्याच्या नादी लागू नका. चारही बँडवर, तुम्ही जिथे बोलता तिथे, दोनच्या आत आला की दूरचं टोक पक्कं करा.

८. पहिली पॉवर

आधी ऐका. फ्रिक्वेन्सी मोकळी आहे का विचारा, कॉलसाइन सांगा, मग पाच वॅटवर कॅरियर (नुसता सलग सिग्नल) देऊन एसडब्ल्यूआर पाहा. मग दहा, मग पुढे. प्रत्येक टप्प्यावर अर्धा मिनिट ट्रान्समिट करून रिग बंद करा आणि रिंगेला हात लावून पाहा. कोमट चालेल. बोट ठेववत नसेल तर त्या बँडवर तेवढी पॉवर ही रिंग झेपवत नाही. ट्रान्समिट चालू असताना आकडा हळूहळू चढत गेला, तरी तेच समजा. एफटी-८ सारख्या कॉम्प्युटरवरून चालणाऱ्या डिजिटल मोडमध्ये पॉवर सलग सुमारे तेरा-तेरा सेकंद राहते, त्यामुळे बोलण्याच्या निम्म्याहून कमी पॉवर ठेवा.

अँटेना बाहेर काय टाकतो हे एसडब्ल्यूआर सांगत नाही. एफटी-८ वर दहा मिनिटं सीक्यू (कुणीही उत्तर द्या, अशी हाक) द्या आणि पीएसके रिपोर्टर या वेबसाइटच्या नकाशावर कुणाकुणाला ऐकू गेलं ते पाहा. सकाळी ७ मेगाहर्ट्झवर आसपासची राज्यं दिसायला हवीत. कमी उंचीची वायर बरीचशी पॉवर सरळ वर टाकते आणि ती दोन-चारशे किलोमीटरच्या परिघात उतरते. १४ आणि २१ वर दुपारनंतर दूरचे देश दिसतात का ते बघा. हा नकाशा तारखेसकट जपून ठेवा.

९. पाऊस आणि वीज

बॉक्स सॉकेट खाली करून लावा, तळाला तीन मिलिमीटरचं भोक ठेवा. पूर्ण बंद बॉक्समध्येही ओल धरते आणि तिला बाहेर पडायला वाट लागते. केबलच्या पीएल-२५९ प्लगवर आधी सेल्फ-अमाल्गमेटिंग रबर टेप, त्यावर साधी काळी टेप, दोन्ही खालून वर गुंडाळत. केबल खिडकीतून आत येण्याआधी खाली झोळ द्या, म्हणजे पाणी तिथून ठिबकेल. कोकणात आणि मुंबईत खाऱ्या हवेने पितळी नट हिरवे पडतात. मे महिन्यात एकदा उघडून, घासून, ग्रीस लावा.

एप्रिल-मे मधला वळीव आणि ऑक्टोबरचा परतीचा पाऊस, विजेसाठी हेच सर्वांत धोक्याचे. ढगांचा गडगडाट ऐकू आल्यावर केबल काढायला गच्चीवर धावू नका. कॉन्टॅक्ट संपला की केबल रिगवरून काढून खिडकीबाहेर ठेवायची सवय लावा, ढग असोत वा नसोत. केबलची जाळी इमारतीबाहेरच स्वतंत्र अर्थिंगच्या रॉडला जोडा. वायर ट्रान्सफॉर्मरमधून जाळीला डीसीने जोडलेली असल्याने साठलेला स्थिर विद्युतभार त्या वाटेने उतरत राहतो. थेट पडलेल्या विजेपुढे मात्र यातलं काहीच टिकत नाही, म्हणून केबल काढलेली असणं महत्त्वाचं.

जूनच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर चारही बँडची मापं परत घ्या आणि ट्यूनिंगच्या कागदाशेजारी लिहा. ओल्या वायरचा रेझोनन्स थोडा खाली सरकतो आणि वाळल्यावर परत येतो; तो सोडून द्या. वाळल्यावरही परत आला नाही, तर पाणी कनेक्टरमध्ये आहे. तिथूनच टेप उलगडायला घ्या.